परवाना आणि चखणा

महाराष्ट्रातल्या जवळजवळ कोणत्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर दारू पिण्याच्या तीन तऱ्हेच्या जागा भेटतात, आणि तिन्ही ठिकाणचं खाणं एकमेकांशी जुळत नाही. देशी दारूच्या दुकानात आत चिमूटभर मीठ, फार तर फुटाणे, आणि दाराबाहेर उकडलेल्या अंड्यांची गाडी. परमिट रूममध्ये मसाला पापड, काकडीचे काप, चिकन चिली, आणि पंजाबी-चायनीजची लांबलचक यादी. आणखी चार-पाच किलोमीटरवर फाट्याच्या ढाब्यावर काळ्या मसाल्याचं मटण, शेवभाजी किंवा अख्खा मसूर, कांदा, ठेचा, भाकरी. गिऱ्हाईक पुष्कळदा तेच असतं. पगाराच्या दिवशी ढाब्यावर बसणारा माणूस महिनाअखेरीस देशीच्या दुकानात उभा असतो. त्यामुळे हा फरक नुसता ऐपतीचा किंवा आवडीचा मानून चालत नाही. या तिन्ही ताटांचा आचारी अबकारी कायदा आहे, असं माझं म्हणणं आहे. मालकाचा नफा जिथे बाटलीत असतो तिथे खाणं सुकं, थोडं आणि खारट राहतं, आणि बाटली विकायची मुभाच जिथे नसते तिथे रस्सा दाट होतो. ‘गावरान चव’ म्हणून ज्याचं आज कौतुक होतं ते बरंचसं गेल्या दीडशे वर्षांतल्या परवान्यांनी घडवलेलं आहे.

हे पटायचं तर त्याआधीची स्थिती पाहायला हवी. उत्तर कोकणात मोहाची आणि ताडामाडाची दारू ही घरची किंवा शेजारची वस्तू होती. ताडी-माडी काढणं हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा. जंगलपट्टीत वारली, कातकरी, ठाकूर मोहाची फुलं वेचत, वाळवत, थोडी खात आणि थोडी गाळत. मोहाचं फूल हे आधी अन्न आहे, टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देणारं. दारू हा त्याचा दुसरा उपयोग. अशा समाजात दारूबरोबर काय खायचं हा प्रश्न वेगळा उद्भवत नाही. वारल्यांच्या लग्नात दारू विधीचाच भाग असते, आणि तिच्याबरोबरचं खाणं म्हणजे लग्नाचं जेवण. दारू गाळणारं, वाढणारं आणि पिणारं माणूस एकाच अंगणात असतं, बाईमाणूसही त्यात असतं. तेव्हा दारूवर कर किंवा मक्ता नव्हता असं नाही. गाळून विकण्याचा हक्क मक्त्याने दिला जाई, पण भट्ट्या लहान आणि विखुरलेल्या होत्या, आणि त्या गावापासून तुटल्या नव्हत्या.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा धागा कापला. मुंबई इलाख्याच्या अबकारीला नवं वळण देणारे चार्ल्स प्रिचर्ड यांच्याकडे मिठाचंही खातं होतं. (सरकारच्या एकाच खात्यात नांदलेले हे दोन पदार्थ पुढे देशीच्या गल्ल्यावरही शेजारी शेजारीच राहिले, हा निव्वळ योगायोग, पण मजेदार.) नव्या व्यवस्थेचा हिशेब सरळ होता. दारू मोजक्या मोठ्या भट्ट्यांमध्येच गाळायची, बाहेर पडतानाच तिच्यावर कर घ्यायचा, आणि किरकोळ विक्री ठरावीक परवानाधारक दुकानांतूनच होऊ द्यायची. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्या भरभराटल्या, आणि त्यांना लागणारी मोहाची फुलं पंचमहालासारख्या दूरच्या मुलखातून येऊ लागली. ताडाच्या झाडावरचा कर इतका वाढला की वसई-माहीमकडच्या भंडाऱ्यांनी त्याविरुद्ध मोठा गवगवा केला. तरी घरगुती गाळप थांबेना, म्हणून १८९२ मध्ये मोहाचा कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. अन्न म्हणून घरात ठेवलेली फुलांची टोपली आता पुरावा ठरू शकत होती. आपल्या मुद्द्यासाठी यापेक्षा बोलकं उदाहरण मिळणार नाही: इथे कायदा दारूमागून थेट शिधासाठ्यात शिरला.

दुकानाचं अर्थकारणही बदललं. परवान्यासाठी भरलेली रक्कम आणि भट्टीवरचा कर वसूल करायचा तर दुकानदाराला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खप. नवटाक घेऊन तासभर बसणारं गिऱ्हाईक त्याला परवडत नाही. जेवण रांधायचं तर चूल, भांडी, माणसं, जागा हवी आणि त्यात मिळणारा नफा दारूपुढे किरकोळ. म्हणून गुत्त्यातून जेवण बाहेर गेलं, आणि आत उरलं ते दुसरा पेला मागवायला लावणारं खारट काहीतरी. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या नव्या दारूदुकानांना विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातल्याच दुकानांपुढे निरोधन केलं. दोघांचे हेतू आणि समाज वेगळे होते, पण दोघांच्याही डोळ्यांपुढे होती ती सरकारी महसुलासाठी चालणारी, मजुराची कमाई झपाट्याने गिळणारी ही नवी खिडकी. अंगणातली दारू त्यांचं लक्ष्य नव्हती.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. खाणं सुकं राहिलं ते कायद्यामुळे नव्हे, जातीमुळे, असं कोणी म्हणेल. गुत्त्यात नाना जातींची माणसं येत, आणि पाण्यात शिजवलेलं अन्न कोणाच्या हातचं खायचं याचे नियम कडक होते. फुटाणे, शेंगदाणे, कुरमुरे ही भडभुंज्याच्या भट्टीतली कोरडी वस्तू मात्र कोणीही कोणाकडूनही घेऊ शकत होतं. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. उलट मी तो पुढे नेऊन म्हणतो की उकडलेलं अंडं हा शिवाशिवीतून सुटण्याचा सर्वांत चतुर पदार्थ आहे: कवचात शिजतं, कवचातच विकलं जातं, आणि सोलायचं काम खाणाराच करतो. परंतु जातीने सांगितलं ते इतकंच की अनोळखी माणसांच्या जमावात काय खाता येईल. माणसांना आपापल्या अंगणातून उठवून त्या अनोळखी जमावात नेऊन उभं केलं ते परवान्याने. जेवण दुकानाबाहेर घालवलं कायद्याने, आणि बाहेरच्या टोपलीत काय ठेवायचं ते ठरवलं जातीने. जात एकटीच कारण असती तर आज सगळे एका ताटात जेवायला बसत असताना देशीच्या दुकानाचं खाणं बदलायला हवं होतं. ते बदललेलं नाही, कारण तिथला परवाना आणि त्यामागचा हिशेब बदललेला नाही.

दुसरा आक्षेप जुन्या ग्रंथांचा. मद्याबरोबर चटकदार काही तोंडात टाकण्याची रीत संस्कृत साहित्यातही आहे, त्याला उपदंश म्हणत. मग यात इंग्रजी कायद्याचं नवल काय? नवल नाहीच. दारूबरोबर मीठ-मसाला हवासा वाटणं ही जिभेची गोष्ट आहे आणि ती सगळ्या देशांत सापडते. माझा दावा चवीच्या उगमाबद्दल नाही. ते खाणं कोण विकतं, किती देतं, बसू देतं की उभं ठेवतं, ताटात भाकरी येते की नाही, याबद्दल आहे. त्यासाठी शेजारचा गोवा पाहावा. तेरेखोलच्या अलीकडे सिंधुदुर्ग, पलीकडे पेडणे; माड तेच, काजू तेच, मासे तेच, जातीही बऱ्याचशा त्याच. पण गोव्याने संपूर्ण दारूबंदी अनुभवली नाही आणि पिणाऱ्याला तिथे परवाना बाळगावा लागत नाही. काजूची फेणी गाळणाऱ्या भट्ट्या अजून बागांजवळ आहेत. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गावातलं तावेर्न हे कित्येकदा घराचीच पुढची खोली असतं, गल्ल्यावर घरातलीच बाई बसलेली असते, आणि आतल्या चुलीवरचा तळलेला मासा किंवा चोरीस-पाव बाहेरच्या बाकावर येतो. नदीच्या दोन काठांवरचा हा फरक मातीचा किंवा जातीचा म्हणता येत नाही.

अलीकडच्या काठावर काय घडलं? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, आणि एप्रिल १९५० पासून लागू झालेल्या संपूर्ण बंदीने, गुत्ताच बंद केला. चाळिशी ओलांडलेल्यांना प्रकृतीच्या कारणावरून परवाना मिळे, पण तो खेड्यातल्या माणसासाठी नव्हताच. त्याच्या वाट्याला काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी आली: ओढ्याकाठी, उसाच्या फडाआड, खाडीच्या झुडपात. जिथे धूर, वास आणि बैठक या तिन्ही गोष्टी पोलिसाला बोलावतात तिथे स्वयंपाक होत नाही. उभ्याने घशाखाली ओतायचं आणि निघायचं. सरकारने ताडीला पर्याय म्हणून नीरेची केंद्रं काढली. ती सकाळच्या फेरफटक्याची जागा झाली, संध्याकाळची नव्हे. या वीसेक वर्षांत खेड्यातल्या पिण्यातून खाणं जवळपास नाहीसं झालं, असं मला वाटतं. घाईने आणि उपाशीपोटी पिण्याची जी सवय आज खेड्यांत दिसते ती बंदीचा वारसा आहे.

साठच्या दशकात परवाने सैल झाले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारू अधिकृतपणे परतली. ती आता मोहाची नव्हती. प्रवरानगरपासून सुरू झालेल्या सहकारी साखर कारखान्यांनी मळीचे डोंगर उभे केले होते. त्या मळीच्या मद्यार्कात संत्र्याबिंत्र्याचा स्वाद घालून ती सीलबंद बाटलीत आली. तिच्या दुकानाने १८७८ चं अर्थकारण जसंच्या तसं उचललं. एफएल-३ परवान्याची परमिट रूम मात्र वेगळ्या घराण्यातली. तो परवाना खाद्यगृहाला मिळतो, म्हणजे खाण्याची यादी तिथे आधी कागदावर असावी लागते. त्यातून ती विचित्र यादी जन्मली: शहरातल्या हॉटेलांतून उचललेले पंजाबी आणि चायनीज पदार्थ, आणि टेबलावर फुकट येणारी चखण्याची वाटी. नफा पेगवर असल्याने वाटी फुकट देणं परवडतं. आणि पिणाऱ्यापाशी परवाना हवा ही अट कायद्यात आजही जिवंत आहे, एक दिवसाच्या चिठ्ठीसकट. ती चिठ्ठी मागणारा वेटर विरळा.

ढाबा हा या सगळ्याचा उलटा पुरावा आहे. फाळणीनंतरच्या दशकांत पंजाबी ट्रकचालकांबरोबर तो मुंबई-आग्रा आणि पुणे-सोलापूर अशा रस्त्यांवर आला, आणि नंतर गावच्या माणसाने तो आपलासा केला. बहुसंख्य ढाब्यांकडे दारूचा परवाना नाही. गिऱ्हाईक बाटली बाहेरून आणतं, ढाबा पेले, बर्फ, सोडा देतो. आणि अबकारी खातं मधूनच छापा घालून विनापरवाना पिण्याची जागा चालवल्याबद्दल मालकावर कलम ६८, पिणाऱ्यांवर कलम ८४ लावतं. अशा मालकाला कमाई करायची तर ती हंडीतूनच. म्हणून मटण किलोच्या हिशेबात विकलं जातं. म्हणून खानदेशात शेवभाजीला, सांगली-इस्लामपूरकडे अख्ख्या मसुराला, म्हणजे स्वस्त मालाला मसाल्याची तर्री चढवून पूर्ण जेवणाचा मान मिळाला. गिऱ्हाईक दोन तास बसलं तर ढाबेवाल्याचं नुकसान नाही, उलट भाकऱ्या वाढतात.

यावर कोणी नैतिक आक्षेप घेईल की दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांपुढे रश्शाचा इतिहास सांगणं हा चोचला आहे. गावोगावच्या बायकांनी मतदानाने ‘आडवी बाटली’ निवडून दुकानं बंद पाडली, गडचिरोलीने १९९३ पासून बंदी धरून ठेवली, ते उगाच नव्हे. पण त्या बायकांचा राग आणि हा इतिहास एकाच जागी पोचतात. बाई दारूच्या अंगणात होती तोवर किती आणि केव्हा यावर तिचा काही ताबा होता. परवान्याने तिला उंबऱ्याबाहेर काढलं आणि फार तर अंड्यांच्या गाडीमागे उभं केलं. तिला मताधिकार मिळाला तो सव्वाशे वर्षांनी, आणि तोही केवळ बंद करण्यासाठी.

सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांच्या ५०० मीटरच्या आत (वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांत २२० मीटरच्या आत) दारूविक्री बंद झाली, तेव्हा हा हिशेब उघड्यावर तपासला गेला. काही शहरांतले राज्यमार्ग नगरपालिकांकडे वर्ग झाले आणि तिथले बार वाचले. जुलैमध्ये न्यायालयाने शहरी हद्दींना मोकळीक दिली. उघड्या रस्त्यावरच्या परमिट रूमना ती पळवाट लगेच मिळाली नाही. दारू गेल्यावर फुकट चखण्याच्या जोरावर हॉटेल चालत नाही. ज्यांच्याकडे चांगला खानसामा होता त्यांनी पाटीवरचा ‘बार’ पुसून ‘फॅमिली’ लिहिलं आणि हंडी पुढे आणली. ज्यांच्याकडे फ्रीज आणि पेगचं मापच होतं त्यांना शटर ओढावं लागलं.