गव्हाणीपाशी बैल आणि गाढव कुठून आले?

नाताळचा गोठा मांडताना बाळ येशू, मरिया आणि योसेफ यांच्या जोडीने आणखी दोन मूर्ती हमखास ठेवल्या जातात: एक बैल, एक गाढव. वसईतल्या घरात त्या असतात, गोव्यातल्या चर्चमध्ये असतात, रोममध्येही असतात. शुभवर्तमानांत मात्र त्या नाहीत. येशूच्या जन्माची हकिगत मत्तय आणि लूक या दोघांनीच दिली आहे. मत्तयाकडे गव्हाणीसुद्धा नाही. लूककडे गव्हाणी आहे, बाळंते आहेत, रानात रात्र जागवणारे मेंढपाळ आहेत. पण गव्हाणीपाशी जनावर एकही नाही.

ही जोडी आली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, म्हणजे येशूच्या सुमारे सातशे वर्षे आधीच्या वाणीतून. आणि गंमत अशी, की ती वाणी भाकीत नव्हतीच. ती खरडपट्टी होती. पहिल्याच अध्यायात यशया आपल्या लोकांना फैलावर घेतो. बैल-गाढवांनाही आपला धनी आणि आपली दावण कळते, इस्राएलाला मात्र देव कळत नाही, हा त्याचा संताप. त्यात मसीहा नाही, बाळ नाही, पुढे काय घडेल याचा शब्दही नाही.

पण पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांचे धर्मशास्त्र म्हणजे जुना करारच. येशू हाच मसीहा, ही श्रद्धा आधी होती. तिच्या उजेडात ते जुन्या पोथ्या मागे जाऊन वाचत. यशयाच्या ग्रीक भाषांतरात गव्हाणी आहे, लूककडेही तीच. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने प्रवचनात या दोन गव्हाण्या एकत्र आणल्या. मोशेच्या नियमशास्त्रात बैल शुद्ध, गाढव अशुद्ध, आणि दोघांना एका नांगराला जुंपायची मनाई. त्यातून पुढे अर्थ बसला तो असा: बैल म्हणजे नियमशास्त्राचे जू वाहणारे यहुदी, गाढव म्हणजे मूर्तिपूजेचे ओझे वाहणारे परराष्ट्रीय, आणि मधे दोघांचा धनी. अर्थ देखणा आहे, यात शंका नाही. मात्र एका संदेष्ट्याने घरच्यांना दिलेला बोल आता परक्यांच्या हातात गेला, आणि पुढची कित्येक शतके तो यहुद्यांना ऐकवला गेला.

या जोडीचा दुसरा साक्षीदार हबक्कूक संदेष्टा. त्याच्या तिसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत मूळ हिब्रू पाठ वर्षांबद्दल बोलतो. हिब्रू लिहीत ती स्वरचिन्हांशिवाय. ‘वर्षे’ आणि ‘दोन’ यांची अक्षरे तीच. ग्रीक भाषांतरात वर्षांच्या जागी दोन प्राणी आले, आणि देव त्यांच्या मधोमध प्रकट होईल असे ठरले. पुढे जेरोमने हिब्रूवरून लॅटिन भाषांतर करताना वर्षे परत आणली, पण गुड फ्रायडेच्या लॅटिन गायनात दोन प्राणी टिकून राहिले. विद्वानाने पाठ सुधारला तरी तोंडी बसलेले गाणे कोण बदलणार?

या वाचनपद्धतीचे मूळ खुद्द नव्या करारात आहे. जखऱ्या संदेष्ट्याने राजा गाढवावर, शिंगरावर बसून येईल असे म्हटले. एकाच जनावराबद्दल दोनदा बोलण्याची ती हिब्रू काव्याची रीत. मत्तय मात्र यरुशलेमप्रवेशाच्या प्रसंगी गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरे आणतो. बाकी तिन्ही शुभवर्तमानांत एकच आहे.

मिलानमध्ये सेंट अँब्रोजच्या चर्चमधल्या चौथ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर येशूजन्म कोरला आहे. बाळ आहे, बैल आहे, गाढव आहे. मरिया नाही, योसेफ नाही. म्हणजे आईबापांआधी जनावरांना जागा! कलावंताला प्रसंग दाखवायचा नव्हता, पूर्ण झालेले वचन दाखवायचे होते. गोष्टीत ही जोडी आली ती नंतर. साधारण सातव्या शतकातल्या, मत्तयाच्या नावावर खपलेल्या एका लॅटिन ग्रंथात मरिया तिसऱ्या दिवशी गुहेतून गोठ्यात येते, बैल आणि गाढव बाळाला वंदन करतात, आणि लेखक लगेच यशया-हबक्कूकांची वचने पूर्ण झाल्याचे नोंदवतो. घटनेवरून वचन आठवले असे नाही. वचनावरून घटना उभी राहिली.

1223च्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली, गवत आणवले, आणि खराखुरा बैल व गाढव उभे करून तिथे मिस्सा करवली. त्याचा चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो हे सारे सांगतो. त्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि कांबियोने रोमच्या सांता मारिया माज्जोरेसाठी संगमरवरी गोठा घडवला. त्यातही हे दोघे आहेत. फ्रान्सिसच्या पंथातल्या संन्याशांनी, म्हणजे फ्रान्सिसकनांनी, ही प्रथा गावोगाव नेली, आणि यशयाचा संताप लोक विसरले. उरली ती थंडीत बाळाला उबेचा श्वास देणारी दोन गरीब जनावरे.

2012 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी येशूच्या बालपणावरच्या पुस्तकात शुभवर्तमानात प्राणी नसल्याचे लिहिले. पोपने गोठ्यातून गाढव हाकलले, अशा बातम्या झळकल्या. खरे तर यशया आणि हबक्कूक यांचा दाखला देऊन त्यांनी तिथेच म्हटले होते, की कोणताही गोठा या दोघांना सोडणार नाही.