ब्लिस यांची चिन्हलिपी व बोलू न शकणाऱ्यांचा संवाद

चार्ल्स ब्लिस यांनी आपली चिन्हलिपी रचिली ती बोलू न शकणाऱ्यांसाठी नव्हे. १८९७ मध्ये तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील चेर्नोवित्स या बहुभाषी नगरात त्यांचा जन्म झाला. नात्झींच्या बंदिवासातून सुटून ते शांघायला पोहोचले, आणि भिन्न बोली बोलणारे लोक एकच चिनी लिपी वाचतात हे पाहून त्यांना विश्वलिपीची कल्पना सुचली. (ही लिपी उच्चारनिरपेक्ष आहे, हे मत भाषाशास्त्रास सर्वांशी मान्य होणारे नाही, पण त्या समजुतीचे फळ मोलाचे ठरले.) १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांनी 'सिमँटोग्राफी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

१९७१ मध्ये टोरांटोच्या अपंग बालकांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांचे सहकारी, मेंदूच्या पक्षाघातामुळे वाणी न लाभलेल्या व अद्याप वाचू न शकणाऱ्या मुलांसाठी साधन शोधीत होते. चित्रफलकावर पेला दाखविता येतो. मनातील खेद दाखविणे कठीण. ब्लिस यांच्या लिपीत हृदयाची आकृती म्हणजे भावना. तिच्याजवळ ऊर्ध्वमुख बाण आला की आनंद, अधोमुख आला की दुःख. विरुद्धार्थाचे चिन्ह जोडून फलकावर नसलेला शब्दही मुलास घडविता येई.

प्रत्येक चिन्हाजवळ त्याचा इंग्रजी शब्द छापलेला असे. ही सोय वस्तुतः मुलाची नव्हे, समोरच्या प्रौढाची होती. त्याला चिन्हे शिकावी लागत नसत. आपली विश्वलिपी इंग्रजीकडे जाण्याची पायरी ठरावी हे ब्लिस यांना मुळीच रुचले नाही, आणि केंद्राने केलेल्या फेरफारांवरून वाद कायद्याच्या दारापर्यंत गेला.

संवादातील खरी अडचण मात्र निराळीच होती. बोलणारा मिनिटास शंभराहून अधिक शब्द सहज उच्चारतो. फलक वापरणाऱ्याची तेवढ्या वेळात मोजकी चिन्हे दाखवून होतात. मधली स्तब्धता बोलणाऱ्यास सोसत नाही. तो 'होय-नाही'चे प्रश्न विचारू लागतो. जेनिस लाइट, बार्बरा कॉलियर व पेनी पार्न्स यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले : विषय बहुधा पालक काढीत, मुले उत्तरे देत, आणि बोलण्याची आपली पाळी अनेकदा सोडून देत.

शिवाय वाक्य पुरे करण्याचे काम ऐकणाऱ्याकडेच येते. 'आई', 'घर', 'नाही' या तीन चिन्हांवरून 'आई घरी नाही' की 'आई, मला घरी जावयाचे नाही' हे तोच ठरवितो. आणि तो चुकला, तर मुलास पुन्हा पहिल्या चिन्हापासून आरंभ करावा लागतो.