न झिजणारे ब्रेक आणि सुट्या भागांचा बाजार

मोटारीच्या सुट्या भागांचा व्यापार मुख्यतः झिजेवर उभा राहिला आणि त्यात ब्रेकचे स्थान नेहमीच मोठे होते. चाकासोबत फिरणाऱ्या चकतीवर दाबले जाणारे पॅड, ड्रमच्या आतील लायनर, पायाचा दाब ब्रेक ऑइलमध्ये उतरवणाऱ्या मास्टर सिलिंडरमधील रबरी वॉशर हे सारे ठरावीक काळाने बदलावे लागत. मात्र ते स्वतंत्रपणे मिळत, अनेक उत्पादक ते बनवीत, आणि मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या दुकानातून आणलेले किट टाकून व नळ्यांतील हवा काढून साधा मेकॅनिकही गाडी रस्त्यावर आणू शकत असे. ही जुनी घडी हायब्रिड गाडीने, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर या दोहोंवर चालणाऱ्या गाडीने, जवळजवळ उलटी केली.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसमध्ये वेग कमी होताना मोटरच जनित्राचे काम करी आणि एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी गतिज ऊर्जा बॅटरीत साठवी. पुनर्जनक ब्रेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेमुळे घर्षणाचे काम इतके घटले की पॅड नेहमीच्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक टिकू लागले. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरणाऱ्या देशांत तर ते झिजण्याऐवजी कमी वापरामुळे गंजून अडकू लागले. १९९९ च्या होंडा इनसाइटने इंजिनाच्या निर्वातावर चालणारा परिचित बूस्टर कायम ठेवला होता, त्यामुळे तिच्या ब्रेकचे भाग शोधणे तुलनेने सोपे राहिले. टोयोटाचा मार्ग वेगळा होता.

२००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पेडल आणि चाके यांच्यामध्ये संगणक आला. इंजिन वारंवार बंद पडणाऱ्या गाडीत निर्वाताचा भरवसा नसल्याने विजेचा पंप ब्रेक ऑइलवर दाब निर्माण करी, हा दाब संचायकात, म्हणजे नायट्रोजन वायू भरलेल्या लहानशा कुपीत, साठवला जाई, आणि चालकाने पेडल किती दाबले हे मोजून संगणक मोटर व घर्षण यांच्यात काम वाटून देई. पायाला जाणवणारा परिचित प्रतिरोधही एका स्वतंत्र यंत्रणेने घडवलेला असे. बिघाड झाल्यास पेडलाचा दाब थेट पुढच्या चाकांकडे जाण्याची सोय ठेवलेली होती. मर्सिडीजनेही याच सुमारास अशीच विद्युत-द्रवीय प्रणाली आणली आणि तक्रारींनंतर काही वर्षांतच ई-क्लासमधून ती काढून टाकली. पेट्रोल किंवा डिझेल गाडीला अशी माघार परवडते. इंधनबचतीचा बराच भाग ब्रेकमधूनच मिळवणाऱ्या हायब्रिडला ती घेणे कठीण होते, आणि हा फरक या इतिहासात निर्णायक ठरला.

कारण आता बिघाड झिजेतून न येता दाबाच्या गळतीतून येऊ लागला. मार्च ते ऑक्टोबर २००९ दरम्यान बनलेल्या प्रियस व लेक्सस एचएस २५०एच अशा सुमारे २,४२,००० गाड्या टोयोटाने जून २०१३ मध्ये परत बोलावल्या, त्या संचायकाला तडा जाऊन नायट्रोजन ब्रेक ऑइलमध्ये मिसळण्याच्या शक्यतेमुळे. पंप, झडपा व संचायक यांचा हा जुडगा बहुतांशी अखंडच विकला जातो, त्यामुळे एका लहान गळतीसाठी संपूर्ण जुडगा घ्यावा लागतो, आणि जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीशी ताडून पाहता नव्याचा खर्च अनेकदा व्यवहाराबाहेर जातो. म्हणून मालक मोडीत निघालेल्या गाडीकडे वळले. तेथूनही भाग आणून नुसता बसवणे पुरत नाही: निदान-संगणक जोडून हवा काढावी लागते आणि झडपांची शून्य-पातळी नव्याने नोंदवावी लागते. पाना-पक्कडीच्या कौशल्याइतकेच सॉफ्टवेअर हाताशी असणे या धंद्यात महत्त्वाचे ठरले ते यामुळे.

मोडीत निघालेल्या गाड्यांचा सर्वांत मोठा झरा अर्थातच जपान. तेथील दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीचा खर्च टाळण्यासाठी सुस्थितीतील गाड्याही लवकर विकल्या जातात. त्या न्यूझीलंड, श्रीलंका, पाकिस्तान, मंगोलिया येथे गेल्या आणि त्यांच्यामागून सुटे भागही गेले. कोलंबोतील पंचिकावत्त हा भाग अशा व्यापारासाठी प्रसिद्ध आहे.

भारताने मात्र हे दार जवळजवळ बंदच ठेवले. जुन्या गाडीच्या आयातीला तीन वर्षांच्या वयाची मर्यादा, जबर शुल्क आणि केवळ मुंबई बंदरातूनच प्रवेश अशा अटी असल्याने जपानी वापरलेल्या हायब्रिड गाड्यांचा ओघ येथे आलाच नाही. २००८ ची होंडा सिव्हिक हायब्रिड व २०१० ची प्रियस या गाड्या पूर्ण तयार स्थितीत आयात होऊन मोजक्याच संख्येने विकल्या गेल्या. परिणामी, ज्या कुर्ला व नाना पेठेच्या बाजारांत एरवी कोणत्याही जुन्या गाडीचा भाग सापडण्याची आशा असते, तेथे या गाड्यांचे ब्रेक-जुडगे दुर्मिळ ठरतात. कारण भंगारात जायला मुळात तशा गाड्या तरी पुरेशा हव्यात. २०१३ मध्ये कॅमरी हायब्रिडची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे सुरू झाली आणि २०२२ पासून अर्बन क्रूझर हायरायडर, ग्रँड विटारा व इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रिड आवृत्त्या तेथेच मोठ्या संख्येने बनू लागल्या. या गाड्या वयात येऊन खोलल्या जातील, तेव्हाच भारतात या भागांचा जुना बाजार खऱ्या अर्थाने उभा राहण्याची शक्यता आहे.