हीटर थंड पडला, म्हणजे इंजिन काहीतरी सांगतंय

आजच्या भागाची सुरुवात झाली काकांच्या गाडीत. डिसेंबरची सकाळ, नाशिकची थंडी आणि वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी. समोरच्या काचेवर आतून धुकं धरलेलं. मी हीटर लावला, तर थंडगार हवा! काका म्हणाले, "अरे, आपल्याकडे हीटर लागतो कुणाला? फडकं घे आणि पूस." काच पुसली, पण प्रश्न राहिलाच: मुळात गाडीत ही ऊब येते कुठून? उत्तर शोधता शोधता शंभर वर्षांचा इतिहास सापडला, आणि गाडीतला बिघाडसुद्धा.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे जवळजवळ घोडागाडीच, फक्त घोडा नाही. वर छप्पर असलं तर असलं, बाजूला काचा नाहीत. युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यात लोक जाड कोट घालायचे, मांडीवर घोंगडी घ्यायचे आणि पायाखाली कोळशाची छोटी शेगडी ठेवायचे. पुढे गाड्या बंदिस्त झाल्या आणि लोकांच्या लक्षात आलं की शेगडी तर समोरच पेटलेली आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी पळवतो. बाकीची बहुतेक उष्णता धुरातून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. म्हणजे ऊब फुकट आहे, प्रश्न फक्त ती आत आणायची कशी.

पहिला मार्ग होता धुराचा. फोर्डच्या 'मॉडेल ए'साठी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर बसवायचा हीटर मिळायचा. तापलेल्या लोखंडावरून हवा न्यायची आणि ती आत सोडायची. सोपं आणि स्वस्त. पण त्या लोखंडाला चीर पडली किंवा गॅस्केट गेलं, तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येणार. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं होतं, मग झोप येते. गाडी चालवताना ती झोप म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मार्ग पाण्याचा. 1930 च्या आसपास अमेरिकन गाड्यांत गरम पाण्याचे हीटर येऊ लागले. इंजिन थंड ठेवणारं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचं आणि तिच्यावर पंख्याने हवा मारायची. म्हणजे हीटर हा खरं तर गाडीतला दुसरा, छोटा रेडिएटरच. 1938 च्या मॉडेलमध्ये नॅश कंपनीने आणखी एक पाऊल टाकलं. बाहेरची ताजी हवा गाळून, जाळीवरून गरम करून, थोड्या दाबाने आत सोडली, त्यामुळे फटींतून गार वारा आत येईना. आजच्या गाड्यांतली रचना बरीचशी तिथूनच आलेली आहे.

फोक्सवॅगन बीटलला मात्र ही सोय नव्हती, कारण तिचं इंजिन हवेने थंड होणारं. पाणीच नाही! त्यामुळे तिथे एक्झॉस्टचीच ऊब वापरली. ती दारांखालच्या पोकळ पट्ट्यांतून पुढे यायची. या पट्ट्या गंजल्या की ऊब वाटेतच गळून जायची. म्हणून जुन्या बीटलचा हीटर तपासायचा तर गंज आणि एक्झॉस्टची गळती आधी बघावी लागते.

आणि हीटर म्हणजे चैन नव्हे, हेही हळूहळू पटलं. धुकं धरलेल्या काचेतून समोरचा माणूस दिसत नाही. 1968 पासून अमेरिकेत प्रवासी गाड्यांना पुढच्या काचेवरचं धुकं आणि हिम घालवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

आता परत काकांच्या गाडीकडे. माझं रोजचं काम म्हणजे कोडमधले बग शोधणं, त्यामुळे सवयीने आधी प्रश्नाचे दोन तुकडे केले: बिघाड पाण्याच्या बाजूला की हवेच्या? इंजिन नीट तापवलं, मग बंद केलं. पंख्यापासून हात लांब ठेवून, हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपले.

दोन्ही पाइप गरम असतील, तर पाणी ठीक आहे. दोष हवेच्या बाजूला: गरम-गार हवेची झडप अडकली असेल किंवा पंखा बिघडला असेल. एक गरम, एक गार असेल, तर जाळी तुंबली असेल किंवा हीटरचा व्हॉल्व्ह बंद असेल. दोन्ही गार असतील, तर कूलंट कमी, पाइपात हवा अडकलेली किंवा पाण्याचा पंप कमजोर. तापमानाचा काटाच वर चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. आणि आत गोडसर वास येऊन काचेवर तेलकट थर बसत असेल, तर जाळीच गळतेय.

काकांचे दोन्ही पाइप गार निघाले. कूलंटची बाटली मात्र अर्धी भरलेली, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम असताना ते कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं! आत पाहिलं तर पातळी बरीच खाली. एका जुन्या पाइपाला बारीक चीर होती. तापल्यावर थेंब थेंब गळायचं आणि तिथेच वाळून जायचं. थंड होताना बाटलीतलं कूलंट ओढण्याऐवजी त्या चिरेतून हवा आत जायची. हीटरची जाळी उंचावर, म्हणून पाणी आधी तिथेच पोचेनासं झालं. पाइप आणि क्लिप बदलली, कूलंट भरलं, अडकलेली हवा काढली. हीटर सुरू!

पुढच्याच आठवड्यात काका मुंबईला जाणार होते. येताना कसारा घाट चढताना ही गाडी तापली असती, तर हेड गॅस्केटचा खर्च पाइपाच्या कित्येक पट झाला असता. गंमत म्हणजे घाटात इंजिन तापलं की जुने ड्रायव्हर हीटर फुल्ल लावतात, त्या दुसऱ्या रेडिएटरचा आधार घ्यायला. काकांकडे तो आधारही उरला नव्हता.

इलेक्ट्रिक गाडीत ही फुकटची ऊब फारशी नसते. तिथे हीटर बॅटरी खातो, म्हणून 2013 च्या निसान लीफमध्ये हीट पंप आला, 2020 च्या टेस्ला मॉडेल वायमध्येही. पण तुमच्या घरी जुनी पेट्रोल किंवा डिझेल गाडी असेल, तर वर्षातून दोनदा तरी पाच मिनिटं हीटर लावून बघा. उन्हाळ्यातसुद्धा. काका आता बघतात. फडकं मात्र अजून डॅशबोर्डवरच आहे.

भेटू पुढच्या भागात!