बोट बुडाली, पगार बुडाला

"बाबांची बोट बुडाली आणि त्याच दिवशी पगारही बुडाला," असं आजी सांगायची. तिचे वडील दाभोळ खाडीकाठच्या गावातून मुंबईला गेले आणि इंग्रजी कंपनीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागले. पहिल्या महायुद्धात बोटीला टॉर्पेडो लागला. ते वाचले, कित्येक महिन्यांनी घरी आले. पण हिशेब झाला तो बोट बुडाल्या तारखेपर्यंतचाच. तेव्हाचा कायदाच तसा होता. जहाज गेलं की करार संपला. जीवरक्षक होडीत काढलेल्या रात्रींचा मोबदला देणं कुणावरच बंधनकारक नव्हतं.

मुळात बोट मिळवायची तर आधी सारंगाचे हात ओले करावे लागत. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. माणसं तोच निवडणार. बहुधा गावचाच, कधी नात्यातला, म्हणून बोलायचीही चोरी. पणजीची सोन्याची पाटली त्यापायी सावकाराकडे गेली ती गेलीच. आजी टॉर्पेडोची गोष्ट दोन वाक्यांत संपवायची. पाटलीची मात्र नक्षीसकट सांगायची. तिच्या मनात खरी लूट तीच होती, आणि मला ते पटतं.

१९२० साली इटलीतल्या जिनोआ शहरात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची खास दर्यावर्दींसाठी परिषद भरली. जहाज बुडून बेकार झालेल्याला दोन महिन्यांपर्यंतचा पगार मिळावा आणि काम लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ नयेत, असे दोन्ही करार तिथे मंजूर झाले. आमच्या घरातली दोन्ही दुखणी एकाच बैठकीत ऐकली गेली! पण तो न्याय मुंबईच्या गोदीत उतरायला फार वर्षं गेली. सरकारी भरती कार्यालयांनी सारंगांची सद्दी मोडायला घेतली ती स्वातंत्र्यानंतर.

पुढे असे कितीतरी जुने करार २००६ च्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनमध्ये एकत्र आले. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. २४ तासांत किमान १० तास विश्रांती हा आता हक्क आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार विम्यातून मिळायला हवा.

तरीही परक्या बंदरात आपली मुलं अडकतात. जनरेटरला डिझेल नाही, पिण्याचं पाणी मोजून. आमच्याच वाडीतल्या एका मुलाने एजंटाला लाखांत पैसे दिले. त्या एजंटाकडे परवानाच नव्हता, हे घरच्यांना मुलगा अडकल्यावर कळलं. सारंग गेला, त्याची रीत राहिली.

मुलाला बोटीवर पाठवणाऱ्या आईबापांनो, एजंटाचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आधी तपासा. नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेण्याचा अधिकार परवानाधारकालाही नाही. कुणी मागितले तर देऊ नका, लेखी तक्रार करा.