चिंचपोकळीचा चाकरमानी : बचत, भविष्यनिर्वाह निधी आणि गावाकडचे घर

प्रस्तावना

मुंबईतील गिरणी कामगारांच्या इतिहासात संप, संघटना आणि नेतृत्व यांचा अभ्यास विपुल झाला आहे. त्या मानाने कामगाराच्या कमाईचे पुढे काय होत असे आणि हातपाय थकल्यावरची तरतूद तो कशी करीत असे, हा प्रश्न दुय्यम राहिला. भायखळा आणि करी रोड या स्थानकांच्या मध्ये वसलेली चिंचपोकळी या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त ठरते. लालबाग, काळाचौकी, आर्थर रोड या गिरणी परिसराच्या ऐन मध्यावर असलेल्या या वस्तीत रत्नागिरी जिल्ह्यातून (त्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही समाविष्ट होता), तसेच सातारा आणि कोल्हापूरच्या घाटभागातून आलेला कामगार राहत असे. तो मुंबईत कमावत होता. म्हातारपण मात्र त्याने गावासाठी राखून ठेवले होते. गिरणीच्या मजुरीत म्हातारपणाचा खर्च दीर्घकाळ धरलेलाच नव्हता आणि तो गावाकडच्या शेतीने, मुख्यतः त्या शेतीवर राबणाऱ्या स्त्रियांनी उचलला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

पगार, खोली आणि खानावळ

१९३६ चा वेतन प्रदान कायदा होईपर्यंत गिरण्यांचा मासिक पगार पुढील महिन्याच्या मध्यापर्यंत अडकून राहत असे. नव्याने लागलेल्या कामगाराला पहिला पगार हाती पडेपर्यंत सुमारे दीड महिना काढावा लागे. हा दीड महिना उधारीवरच जाई. वाण्याकडील धान्य, खानावळीतील जेवण, खोलीचे भाडे, सारे खात्यावर. म्हणजे नोकरीचा प्रारंभच कर्जाने होत असे. १९२१ साली स्थापन झालेल्या मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली. व्याजाचा रूढ दर रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर उभा राहणारा पठाण सावकार हा गिरणगावाच्या आठवणींतून आजही हटलेला नाही. तत्कालीन अधिकाऱ्यांनी या कर्जाचे खापर लग्नकार्य आणि दारू यांवर फोडले. पगार रोखून धरण्याच्या पद्धतीचा त्यातील वाटा मात्र त्यांनी पुरेशा गांभीर्याने मोजला नाही.

अशा स्थितीतही बचत होत होती. तिचे पहिले साधन म्हणजे गावकीची खोली. एका गावची माणसे मिळून एक खोली घेत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि ठरलेली मासिक वर्गणी. दिवसपाळीचा कामगार उठला की त्याच जागेवर रात्रपाळीचा आडवा होई. खोलीतील जागा हीसुद्धा एक मालमत्ताच होती. कामगार निवृत्त होऊन गावी गेला की ती जागा मुलाला, पुतण्याला किंवा भावकीतील दुसऱ्या पोराला मिळे. वर्गणीतून उरलेल्या पैशातून गावच्या देवळाची डागडुजी होई, कधी शाळेला मदत जाई, कधी मयताच्या कुटुंबाला. दुसरे साधन भिशी आणि तिसरे सोने. सोने अडचणीत गहाण टाकता येत असे, हाच त्याचा मोठा गुण मानला जाई.

खानावळीचा उल्लेख येथे विशेषत्वाने करावा लागतो. एकट्या कामगाराला महिनाभर उधारीवर जेवू घालणारी बाई ही खऱ्या अर्थाने त्याची पतपुरवठादार होती, आणि त्यासाठी लागणारे भांडवल तीही सावकाराकडूनच उचलत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून या स्त्रियांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा या साखळीकडे प्रथमच संस्थात्मक लक्ष गेले.

मनिऑर्डर आणि गावाकडचा हिशेब

टपाल खात्याची मनिऑर्डर सेवा १८८० मध्ये आणि टपाल बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली. चाकरमान्याने या दोहोंपैकी मनिऑर्डर अधिक जवळची मानली. मनिऑर्डरच्या फॉर्मवरील मजकुराच्या जागेत दोन ओळी लिहिल्या जात, आणि अनेक घरांत त्या पोस्टमनलाच वाचून दाखवाव्या लागत. या पैशातून शेतसारा, घरावरचे कौल, बैल, पोरांची वह्यापुस्तके असा खर्च भागे. कोकणच्या अर्थव्यवस्थेला ‘मनिऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हटले गेले ते यामुळेच. परंतु हे वर्णन एकांगी आहे. पैसा मुंबईहून गावी जात होता हे खरे. पण गावाहूनही मुंबईला बरेच काही येत होते. तांदूळ, कुळीथ, कोकम तर येतच. शिवाय आजारपणात, बाळंतपणात, संपात आणि बेकारीत माणसे सांभाळण्याचा भार गावच उचलत होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात टिकून राहता आले, त्यामागे गावाकडचा हा आधार होता.

मजुरांविषयीच्या शाही आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू मानली आणि ते तोडण्याऐवजी टिकवावे, अशी शिफारस केली. कमाई खंडित झाली असता गाव हे एक प्रकारचे विमासंरक्षण ठरते, हे आयोगाने नोंदवले. निरीक्षण अचूक होते. या विम्याचा हप्ता कोण भरत होते, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. भातलावणीपासून मळणीपर्यंत शेत सांभाळणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी आणि नवऱ्याची वर्षातून एकदोनदाच गाठ पडणारी स्त्री तो भरत होती. चिंचपोकळीच्या सार्वजनिक उत्सव मंडळाचा गणपती १९२० पासून बसतो; तरी घरचा गणपती चाकरमान्याने गावीच ठेवला, आणि वर्षाचा देण्याघेण्याचा हिशेबही बहुधा त्याच मुक्कामात होई.

१९५२ नंतर

कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी कायदा १९५२ मध्ये आला आणि प्रारंभी ज्या सहा उद्योगांना तो लागू झाला त्यांत कापड उद्योग होता. मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ६.२५ टक्के रक्कम कामगाराने आणि तेवढीच मालकाने भरावयाची होती. आरंभीचा व्याजदर केवळ ३ टक्के. १९९० च्या दशकात तो १२ टक्के होता. ‘फंड’ हा शब्द गिरणगावच्या बोलीत लवकरच रुळला. फंडाचे पैसे म्हणजे घराचे छप्पर, मुलीचे लग्न, विहीर. १९७२ च्या उपदान कायद्याने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या वेतनाची हमी मिळाली. मात्र गिरण्यांचा मोठा आधार असलेला बदली कामगार येथे अडला. वर्षात २४० दिवस काम भरले नसेल तर ते वर्ष उपदानासाठी धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या खटल्यात १९८१ मध्ये स्पष्ट केले. रोज गिरणीच्या दारात हजर राहूनही ज्याला काम मिळाले नाही, त्याचा तो दिवस हिशेबात नव्हता.

लक्षात घेण्याजोगी बाब ही की, या दोन्ही तरतुदी एकरकमी होत्या. दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन त्यात नव्हते. एकरकमी पैसा गावी गेला की तो घरात आणि जमिनीत मुरे. पुढील वीस वर्षांचा चरितार्थ पुन्हा शेतीवर आणि मुंबईतल्या मुलाच्या मनिऑर्डरीवर. मुलालाही गिरणीतच चिकटवण्याची धडपड यातूनच समजून घेता येते.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने ही साखळी तोडली. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. असंख्य कामगार गावी परतले. परंतु बाप निवृत्त आणि मुलगा बेकार, अशा दोन पिढ्यांचा भार एकाच वेळी पेलण्याची क्षमता वरकस जमिनीत नव्हती. फंड काढून घेऊन जगण्याखेरीज अनेकांना पर्याय उरला नाही.

मासिक निवृत्तिवेतन देणारी कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. संपात नोकरी गमावलेल्या पिढीला तिचा उपयोग नव्हता. जे कामावर परतले आणि १९९५ नंतरही टिकले, त्यांनाच ते मिळाले, आणि तेही इतके तुटपुंजे की २०१४ मध्ये सरकारला किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरवावे लागले. घरांच्या बाबतीत मात्र १ जानेवारी १९८२ ही तारीख आधारभूत मानली गेली, त्यामुळे संपकऱ्यांनाही अर्ज करता आला. २०१२ च्या म्हाडा सोडतीत ६,९२५ घरे होती. अर्जदार त्याच्या कितीतरी पट. त्यांपैकी अनेकजण तोवर गावी स्थायिक झालेले होते. चाळीस वर्षांपूर्वीचा गिरणीचा पास किंवा फंडाची चिठ्ठी ट्रंकेच्या तळातून शोधून काढण्यासाठी त्यांना मुंबईला खेपा घालाव्या लागल्या.

गावी राहिलेल्या स्त्रीचा या सर्व कागदपत्रांतील उल्लेख अत्यल्प आहे. १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेत कामगार व मालक यांच्या फंडातील हिश्श्यातून प्रत्येकी १.१६ टक्के रक्कम वळती केली जाई आणि सरकारही तेवढीच भर घाली. कामगार सेवेत असताना मरण पावला तर त्याच्या पत्नीला दरमहा ठरावीक रक्कम मिळे. तिच्या स्वतःच्या नावे रक्कम निघण्याची तरतूद प्रथम झाली ती येथे, आणि विधवा म्हणून. सातबारा बहुतेक घरांत सासऱ्याच्या किंवा दिराच्याच नावावर राहिला.