पीसीओएस आणि ‘ड’ जीवनसत्त्व: पुडी घेतली म्हणून वजन उतरतं का?

पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन वाढतंय, हनुवटीवर केस दिसू लागलेत. सोनोग्राफी होते, निदान येतं ‘पीसीओएस’. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वही कमी निघतं. मग घरात समज होतो, की तेवढं भरून काढलं की पाळी आणि वजन दोन्ही ताळ्यावर येईल. हिशेब इतका सरळ नाही.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमला बोलण्यात ‘पीसीओडी’ही म्हणतात. साधारण दहातल्या एका स्त्रीला तो असतो. नावात सिस्ट असली तरी अंडाशयात दिसतात त्या गाठी नव्हेत, तर पूर्ण न वाढलेली बीजं धरून असलेल्या छोट्या पिशव्या. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं जादा प्रमाण आणि सोनोग्राफीत तसं अंडाशय, या तीनपैकी दोन गोष्टी लागतात. थायरॉईडसारखी इतर कारणंही आधी तपासावी लागतात. नुसत्या सोनोग्राफीवर शिक्का मारणं चूकच.

आता वजन. ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत विरघळतं. अंगावर चरबी जास्त असली की ते तिथेच अडकतं, मुदत ठेवीतल्या पैशासारखं. आपलंच, पण हाताशी नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ आणि सडपातळ लोकांना सारखाच अतिनील प्रकाश दिला, तर लठ्ठ गटाच्या रक्तातली ‘ड’ची वाढ दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही कमी भरली. २०१३ मध्ये सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीवरून दिसलं, की वजन वाढल्याने ‘ड’ कमी होतं. ‘ड’ कमी असल्याने वजन वाढतं याला मात्र तसा आधार मिळाला नाही. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींचं वजन जास्त असतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच रिपोर्टात दिसतात. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, हे मात्र विसरू नये.

कमतरता असेल तर ती भरावीच, हाडांसाठी ते गरजेचं आहे. लठ्ठ व्यक्तीला डोसही जास्त लागू शकतो. पण पीसीओएसवर त्याचा किती उपयोग होतो, यावरचे बरेच प्रयोग लहान आहेत आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. वजन जास्त असलेल्या स्त्रीने ५ ते १० टक्के घटवलं, म्हणजे ७० किलोचे साडेतीन ते सात किलो, तरी अनेकींची पाळी सुधारते.

खरी काळजी आहे ती ६०,००० युनिटच्या पुडीची. ती बहुधा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच घ्यायची असते. काही जण रोज घेतात, काही महिनोन्‌महिने थांबतच नाहीत. रक्तात कॅल्शियम वाढलं की मळमळ, उलट्या, सतत लघवी सुरू होते, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

आणि तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही, तर पुड्या मोजत बसू नये. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्यावर वेगळे उपचार लागतात आणि ते स्त्रीरोगतज्ज्ञच ठरवतात.